गुडघा बदलल्यानंतर घरी त्रास सुरू झाला तर काय करायचं?

ऑपरेशन नीट पार पडलं, वॉकर धरून वॉर्डात फेरी मारून झाली, डिस्चार्ज मिळाला. खरी कसोटी पुढे घरी असते. सांगली-मिरजेत गुडघे बदलून घेणारे कितीतरी पेशंट जत, आटपाडी, शिराळ्यातून, सीमेपलीकडच्या अथणी-विजापुरातून येतात. वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासूनची ही वहिवाट. पण पेशंट गावी पोचला की दवाखाना तास-दोन तासांच्या अंतरावर जातो, आणि रात्री पाय टम्म सुजला की घरातल्यांना काही सुधरत नाही. मग कुणी साध्या गोष्टीला घाबरून गाडी काढतं, तर कुणी धोक्याची गोष्ट "ऑपरेशन म्हटल्यावर एवढं दुखणारच" म्हणून अंगावर काढतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अशा पेशंटांचे व्यायाम घ्यायला त्यांच्या घरी जाते. विनाकारण घाबरल्यामुळे कुणाचं मोठं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही. अंगावर काढल्यामुळे झालेलं पाहिलंय. म्हणून कुठला त्रास घरी सोसायचा, कुठल्या त्रासाला त्याच दिवशी फोन करायचा आणि मधल्या काळात काय करायचं, ते क्रमाने सांगते.

१. डिस्चार्जच्या दिवशीच तयारी करा

वॉर्ड सोडण्याआधी एक प्रश्न विचारा: "रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा?" तो नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा. पोरगा पुण्याला आणि नंबर त्याच्या मोबाईलमध्ये, असं नको.

डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशननंतरचा एक्स-रे आणि बसवलेल्या सांध्याचे स्टिकर एका फायलीत ठेवा. २०१७ साली सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून सांध्याची कंपनी, बॅच नंबर आणि किंमत बिलात वेगळी दाखवावी लागते. पुढे कधी त्या गुडघ्यावर पुन्हा काम करायची वेळ आली तर दुसऱ्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच पडतो, की आत कुठला सांधा आहे?

घरी तीन वस्तू लागतील: थर्मामीटर, शिंप्याकडे असतो तसला कापडी टेप आणि एक वही.

२. रोज सकाळी पाय बघा

पेशंटला पलंगावर उताणं झोपवा आणि दोन्ही पाय उघडे ठेवून शेजारी शेजारी बघा. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याच्यापासून १० सेंटिमीटर खाली, दोन्ही पायांवर, पेनाने बारीक खूण करा. तिथे टेप गुंडाळून घेर मोजा आणि वहीत लिहा. ऑपरेशनचा पाय जास्त भरणारच, त्याची काळजी नको. बघायचं ते कालच्या आणि आजच्या आकड्यात. हळूहळू कमी होत चाललेला घेर एका दिवसात एकदम वाढला, पोटरी दगडासारखी घट्ट लागली, दाबल्यावर कळ आली, तर सर्जनना फोन.

ड्रेसिंगवर डाग दिसला तर त्याच्या कडेने पेनाने रेघ मारा आणि वेळ लिहा. संध्याकाळी डाग रेघेबाहेर गेला का ते कळतं. फोनवर डॉक्टरांना "थोडं पाणी येतंय" सांगण्यापेक्षा "सकाळी रुपयाएवढा डाग होता, आता तळहाताएवढा झालाय" हे सांगणं फार उपयोगाचं. सोबत फोटोही पाठवा.

ताप रोज एकाच वेळी बघा. पहिले तीन-चार दिवस अंग थोडं कोमट राहतं. त्यानंतर १००.४ अंशांच्या वर ताप गेला तर वाट बघू नका.

३. घाबरू नये असे त्रास

सूज तीन ते सहा महिने रेंगाळते. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. मांडीपासून घोट्यापर्यंत काळंनिळं होतं आणि ते खाली खाली उतरत जातं. गुडघा काही महिने हाताला गरम लागतो. चालताना आतून टक्-टक् आवाज येतो, कारण आत धातू आणि प्लॅस्टिक आहे. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर होते, कारण चिरा देताना तिथली बारीक नस कापली जाते. बधिरपणाचा पट्टा वर्षभरात आकसतो, पण थोडा कायम राहू शकतो. त्या जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. चटका लागलेला कळत नाही आणि फोड येतात.

सूज उतरवायला पाय उशांवर उंच करून झोपा (उशा टाचेकडे, नुसत्या गुडघ्याखाली नको) आणि बर्फ लावा, तोही कपड्यात गुंडाळून, एका वेळी १५-२० मिनिटं. दिवसभर जागेपणी दर तासाला पाऊल वर-खाली हलवा, पोटरीतलं रक्त खेळतं राहील.

झोप न लागणं ही तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते. पहिले दोन-तीन महिने रात्री पाय ठणकतो, कूस बदलता येत नाही, आणि त्यातून रडू येतं, चिडचिड होते. "आता सगळं झालं की, मग रडताय कशाला?" असं पेशंटला म्हणू नका. रात्रीची वेदनेची गोळी झोपण्याच्या बेताने घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारा. मेडिकलमधून मनाने जादा गोळ्या मात्र आणू नका. बीपी आणि शुगरच्या पेशंटच्या किडनीला दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या सोसत नाहीत. काही गोळ्यांनी पोट बांधलं जातं, तेव्हा पाणी, फळं, इसबगोल पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

४. थांबायचं नाही असे त्रास

रक्ताची गुठळी. पोटरीच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, भोवळ आली, तर आधी १०८ ला फोन, बाकी सगळं नंतर. गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी किंवा पोटात घ्यायचं इंजेक्शन सांगितलेल्या दिवसापर्यंत पूर्ण करा. "आता चालता येतंय" म्हणून मध्येच सोडू नका. ही औषधं चालू असताना शौच डांबरासारखी काळी झाली किंवा नाकातून रक्त आलं तर तेही लगेच कळवा. आणि पोटरीची मालिश कुणालाही करू देऊ नका, मालिशवाली कितीही हाताची चांगली असली तरी.

पाऊल न उचलणं. अंगठा आणि पाऊल वर ओढता येत नसेल तर नसेवर दाब आलेला असू शकतो. हे बहुधा दवाखान्यातच लक्षात येतं. तिथल्या तिथे नर्सना सांगा, घट्ट बँडेज सैल करावं लागतं. घरी लक्षात आलं तरी त्याच दिवशी फोन करा.

जंतुसंसर्ग. याच्यावर जरा थांबते, कारण खेड्यात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

शंभरात एक-दोन पेशंटना गुडघ्यात संसर्ग होतो. लालसरपणा पसरत जातो, जखमेतून पाणी किंवा पू येतो, ताप येतो, कमी होत आलेलं दुखणं उलटं वाढतं. आठवडा उलटल्यावरही जखम ओली राहिली तर पू नसला तरी ती सर्जननीच बघायला हवी. शुगर जास्त असलेल्यांना धोका अधिक, म्हणून मधुमेहाच्या गोळ्या आणि तपासण्या या काळात चुकवू नका. तंबाखू आणि मिशरीने जखम भरायला वेळ लागतो. हे मी घरातल्या म्हाताऱ्यांना हात जोडून सांगते.

तासगावकडच्या एका घरातली गोष्ट. जखमेतून पाणी यायला लागलं. द्राक्षाची छाटणी चालू, मिरजेला जायला माणूस मोकळा नाही. गावातल्या दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, पाणी थांबलं, सगळे निर्धास्त झाले. गोळ्या संपल्या तशी जखम पुन्हा वाहू लागली. दुसऱ्यांदा गोळ्या. मिरजेला नेलं तेव्हा सर्जननी गुडघ्यातलं पाणी तपासायला पाठवलं, पण त्यात जंतू उगवेनात, गोळ्यांनी ते अर्धमेले झाले होते. कुठला जंतू ते कळेना, मग कुठलं औषध द्यायचं तेही कळेना.

धातूवर जंतू बसले की ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, आणि पोटातून घेतलेलं अँटिबायोटिक त्या थरात नीट शिरत नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत संसर्ग पकडला तर गुडघा उघडून, धुऊन, आतलं प्लॅस्टिक बदलून सांधा वाचवायची चांगली संधी असते. उशीर झाला तर बहुधा अख्खा सांधा काढावा लागतो, मध्ये औषध भरलेलं सिमेंट ठेवावं लागतं आणि काही महिन्यांनी पुन्हा नवा सांधा बसवावा लागतो. पेशंटचं एक वर्ष त्यात जातं.

म्हणून हा क्रम पाळा. जखमेबद्दल शंका आली की ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना फोन. त्यांनी बघून गुडघ्यातलं पाणी तपासायला घेईपर्यंत अँटिबायोटिक सुरू करायचं नाही. गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तरी त्यांना स्पष्ट सांगा, "आत सांधा बसवलाय, आधी सर्जनशी बोलून घ्या." चांगले डॉक्टर याचा राग मानत नाहीत. अपवाद एकच. ताप फार चढला, थंडी वाजून पेशंट बरळू लागला, बीपी पडलं, तर जवळच्या दवाखान्यात लगेच उपचार सुरू होऊ द्या आणि त्याच वेळी सर्जनना कळवा.

जखमेवर हळद, कोरफड, कसलाही लेप नको. सांगलीची हळद जेवणात असू द्या.

५. गुडघा आखडायला लागला तर

पलूसच्या एका काकूंकडे पहिल्यांदा गेले तेव्हा त्या गुडघ्याखाली लोड घेऊन पडल्या होत्या. "असं ठेवलं की बरं वाटतंय गं," म्हणाल्या. बरं वाटतं हे खरंच, पण तास न् तास असा पाय ठेवला की गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो, पुढे सरळ होत नाही आणि पेशंट लंगडत चालतो. लोड काढून टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवली, गुडघा अधांतरी. पाच मिनिटांत काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभरात त्या गुडघा पलंगाला टेकवू लागल्या.

टाचेखालची गुंडाळी पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. वाकवण्यासाठी टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवून पलंगावर टाच कुल्ल्याकडे सरकवत आणा. मग खुर्चीत बसून पाऊल मागे ओढा. टाच बरोबर गुडघ्याखाली आली म्हणजे साधारण ९० अंश झाले, त्याच्या मागे गेली म्हणजे जास्त. सपाट जमिनीवर चालायला ७० अंशांच्या आसपास पुरतात, जिन्याला ९० तरी लागतात आणि बुटक्या खुर्चीतून उठायला १०५ च्या पुढे. व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास वेदनेची गोळी घेतली तर काम सोपं जातं. व्यायामानंतर तासाभरात ओसरणारं दुखणं चालेल. दुसऱ्या दिवशी सूज दुप्पट दिसली तर जोर कमी करा, पण व्यायाम बंद करू नका.

सहा आठवड्यांनीही ९० अंश होत नसतील तर सर्जनना दाखवा. भूल देऊन गुडघा मोकळा करता येतो, पण ते पहिल्या तीन महिन्यांत केलं तर फायदा जास्त. "हळूहळू होईल" म्हणत वर्ष काढलं की हा मार्ग जवळजवळ बंद होतो.

६. पडू नका

जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. ओली न्हाणी, उंबरा आणि रात्री परसातल्या संडासापर्यंतची वाट, बहुतेक जण या तीन ठिकाणी पडतात. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणि हाताशी बॅटरी ठेवा. एसटीची पायरी उंच असते, पहिला महिना-दीड महिना तपासणीला शक्यतो चारचाकीनेच न्या. उकिडवं बसून म्हैस पिळणं, मांडी घालून भजनाला बसणं आता सोडायचं. उंच स्टूल, खुर्ची घ्या.

पडल्यावर पाय टेकवत नसेल तर हाडवैद्याकडे पट्टी बांधायला नेऊ नका. सांध्याच्या कडेचं हाड मोडलेलं असू शकतं. एक्स-रे आधी.

७. वर्ष उलटल्यानंतर

बसवलेले सांधे टिकाऊ असतात, दहातले साधारण आठ २५ वर्षं चालतात. पण रक्तातून जंतू तिथे कधीही पोचू शकतात. म्हणून टाचेच्या भेगा, बोटांमधल्या चिखल्या, पायाला लागलेला काटा, लघवीची जळजळ, किडलेला दात यांचा इलाज वेळेवर करा आणि दातांच्या डॉक्टरांना सांध्याबद्दल सांगून ठेवा. वर्षानुवर्षं चांगला चाललेला गुडघा ताप येऊन एकाएकी सुजला, तर तो त्याच दिवशी दाखवायचा.

दहा जणांत एक-दोघांचं दुखणं सगळं नीट होऊनही उरतं. त्यांना "मनाचा खेळ आहे" म्हणणं अन्यायाचं आहे. कारण शोधावं लागतं. सांधा सैल झालाय का, संसर्ग दबून बसलाय का, की दुखणं खुब्यातून किंवा कंबरेतून येतंय? नुसत्या दुखण्यासाठी बसवलेल्या सांध्यात कुणी स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ केलं तर आधी सर्जनना विचारा, त्यातून संसर्गाचा धोका असतो. दुसरं मत घ्यायला सांगली-मिरज, कऱ्हाड किंवा कोल्हापूर, कुठेही जा, पण फाईल, स्टिकर, आधीचे सगळे एक्स-रे आणि ती वही बरोबर न्या. नव्या डॉक्टरांना आजच्या एक्स-रेपेक्षा पहिल्या आणि आजच्या एक्स-रेमधला फरक जास्त सांगून जातो.