तोफेचं मॉडेल जुळलं म्हणून हुरळून जाऊ नका

तोफेच्या रिकॉइल सिस्टीमच्या, म्हणजे बार झाल्यावर मागे येणारी नळी अडवून परत पुढे नेणाऱ्या यंत्रणेच्या सिम्युलेशनवर पुण्यात मी सहा वर्षं काम करतोय आणि नवीन आलेली पोरंपोरी सारखं एकच विचारतात, सॉफ्टवेअर कुठलं शिकू. सिम्युलिंक शिका, अ‍ॅडम्स शिका, तीन महिन्यांत हात बसतो. सर्टिफिकेटवर पैसे घालवू नका, मी घालवले, कुणी विचारलंही नाही.

मी जिथे आपटलो ते सांगतो. 155 मिमीची तोफ, पोखरण, जानेवारीतली सकाळ, पाच राउंड. नळी मागे किती येते ते माझ्या मॉडेलमध्ये कमी दिसत होतं, म्हणून बफरमधल्या (नळीला ब्रेक लावणाऱ्या सिलिंडरमधल्या) तेलाचा डिस्चार्ज कोएफिशिअंट, म्हणजे छिद्रातून तेल किती सहज वाहतं तो आकडा, थोडा थोडा हलवत राहिलो आणि एका रात्री दोन्ही कर्व्ह एकमेकांवर बसले. तोच ग्राफ मी रिव्ह्यूत 'व्हॅलिडेटेड' म्हणून दाखवला. ते व्हॅलिडेशन नव्हतंच, कॅलिब्रेशन होतं! ज्या पाच राउंडवर जुळवलं त्यांच्यावरच तपासलं, म्हणजे फुटलेला पेपर सोडवला. मे महिन्यात दुपारी फायरिंग झालं आणि मॉडेल साफ चुकलं.

आमच्याकडे इन्स्ट्रुमेंटेशनचे एक रिटायर्ड काका यायचे, त्यांनी शीट बघून एवढंच विचारलं, "चार्जचं टेम्परेचर कुठल्या कॉलमला आहे?" चार्ज म्हणजे गोळा ढकलणारी दारू. कॉलमच नव्हता.

हे नीट समजून घ्या. नळी परत पुढे ढकलणाऱ्या सिलिंडरमध्ये 20 अंशाला भरलेला नायट्रोजन 50 अंशाला गेला की नुसत्या तापमानानं दाब साधारण 10 टक्के वाढतो, शिवाय तेल फुगून गॅसची जागा खातं ते वेगळं, म्हणजे नळी लवकर अडते. उलट चार्ज तापला की बार जास्त जोरात बसतो, नळी जास्त मागे येते. फायरिंग टेबलं (कुठल्या कोनाला गोळा किती लांब जातो त्याचे तक्ते) 21 अंशाच्या चार्जवर धरतात ती यासाठीच. माझ्या मॉडेलमध्ये दोन्ही नव्हतं, त्या एका कोएफिशिअंटच्या आकड्यानं सगळं गिळून टाकलं होतं आणि जानेवारीत ते कळायला मार्गच नव्हता.

घाबरू नका, हे काम शिकण्यासारखंच आहे. मॉडेल खरं असेल तर रात्रभरात शेकडो केसेस पळवता येतात, उंच कोनावर नळीला मागे जागा कमी असते तेव्हा कुठला चार्ज, कुठलं तापमान सगळ्यात वाईट ते सापडतं, आणि रेंजवर नेमके तेच राउंड मागता येतात. वेळ वाचतो तो इथे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं डिसेंबर 2023 मध्ये डिजिटल इंजिनिअरिंगची स्वतंत्र सूचना काढली, आता आपल्याकडेही मीटिंगमध्ये सगळे डिजिटल ट्विन, म्हणजे खऱ्या तोफेची कॉम्प्युटरमधली जुळी प्रत, म्हणतात, पण समोरच्या तोफेत कुठल्या रिव्हिजनचा पार्ट बसलाय हे मॉडेलला माहीत नसेल तर तो ट्विन कसला. फायरिंगचा अर्धा डेटा आधीच बाजूला काढा आणि सहकाऱ्याकडे देऊन टाका, स्वतःजवळ ठेवलात तर डेडलाइनच्या आदल्या रात्री हात जातोच, माझा गेलाय.

माझ्या शीटचे पहिले तीन कॉलम आता ठरलेत: चार्जचं तापमान, तेलाचं तापमान, फायरिंगआधीचा गॅसचा दाब. राउंड नंबर चौथा.