मिरचीच्या वाफ्यात भाताचा पेंढा : माझा अनुभव

पेडण्यातील आमच्या शेतात पावसाळी भात कापून मिरची लावली की खुरपणीत जीव मेटाकुटीस येई. कुजणाऱ्या पेंढ्यातून झिरपणारी फिनोलिक आम्ले व मोमिलॅक्टोने ही भातातलीच नैसर्गिक रसायने बारीक बियांची उगवण रोखतात, हे कळल्यावर मी वाफ्यांवर चार बोटे पेंढा पसरला. सावलीचाही त्यात वाटा आहेच. तण दबले, पण त्याच वाफ्यात फोकलेले तांबड्या भाजीचे (लाल माठाचे) बीही फारसे रुजले नाही. जे थोडे उगवले त्या कोंबांची मुळे आखूड, टोकाशी तपकिरी होती. आता भाजीचा वाफा मोकळा ठेवतो आणि पेंढा सारून मिरचीची महिन्याची रोपेच लावतो. लव्हाळा मात्र गाठींतून फुटतो, म्हणून तो खणूनच काढावा लागतो.