‘आम्ही लहानपणी पाहिलाच की!’ : जुना विनोदी सिनेमा मुलांसमोर लावताना या चुका टाळा

मे महिन्याची दुपार, आमरस होऊन सगळे पेंगुळलेले, घरात सहा ते तेरा वयाची चार भावंडं. अशा वेळी कुणीतरी मामा म्हणतोच, “दादा कोंडक्यांचा लावा रे एखादा, पोट धरून हसतील पोरं.” आमच्याकडे पंधराव्या मिनिटाला आजी “दूध बघते” म्हणून उठल्या आणि मामा रिमोट शोधू लागला. तो सोफ्याच्या फटीत गेला होता.

सिनेमा वाईट नव्हता, आमची तयारी वाईट होती.

आठवणीच्या भरवशावर सिनेमा लावणं

ही सगळ्यांत मोठी चूक. आपल्याला आठवते ती ढगळ अर्धी चड्डी, तिची लोंबणारी नाडी आणि ती “आये” अशी हाक, कारण नऊ वर्षांचे असताना आपल्याला तेवढंच कळलं होतं. बाकीचं डोक्यावरून गेलं ते आठवणार कुठून?

त्यात आपण तो बहुधा टीव्हीवर पाहिलेला. प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र असलेला सिनेमा वाहिन्यांवर जसाच्या तसा दाखवता येत नाही. तो कापून, पुन्हा प्रमाणपत्र घेऊन येतो. आज यूट्यूबवर सापडणारी प्रत तीच असेल असं नाही. त्यामुळे कोणताही जुना सिनेमा असला तरी आदल्या रात्री एकट्याने पाहावा. दीडपट वेगाने पाहिला तरी चालेल. गाणी मात्र पळवू नयेत, गडबड बहुतेक वेळा तिथेच असते.

प्रमाणपत्र चुकीचं वाचणं

सुरुवातीच्या प्रमाणपत्रावर ‘अ’ दिसला की अनेक जण दचकतात. तो इंग्रजी ‘ए’ नव्हे. ‘अ’ म्हणजे अनिर्बंधित, सर्वांसाठी. प्रौढांसाठी ‘व’ असतो, वयस्कमधला. आणि ‘अव’ म्हणजे पालकांनी ठरवून दाखवावा असा. मामाने हे उलटंच वाचलं असतं, पण त्याने वाचलंच नाही.

हा मधला ‘अव’ आला 1983मध्ये. ‘सोंगाड्या’ 1971चा, ‘पांडू हवालदार’ 1975चा, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ 1978चा. त्या काळी सेन्सॉरपुढे दोनच खण होते, सगळ्यांसाठी किंवा फक्त मोठ्यांसाठी. मधल्या वयाचा विचार त्या शिक्क्यात नसतोच. ओटीटीवर दिसणारे 7+, 13+, 16+ हे आकडे 2021च्या नियमांनंतरचे, आणि ते त्या त्या मंचाने स्वतः लावलेले असतात. ते पाहावेत जरूर, पण तुमच्या घरातलं पोर त्यांनी पाहिलेलं नाही.

नुसत्या द्व्यर्थी शब्दांची धास्ती घेणं

इथे माझं मत बऱ्याच पालकांपेक्षा वेगळं आहे. दादा सिनेमात आले ते ‘विच्छा माझी पुरी करा’सारखं वगनाट्य गाजवून. वगातल्या द्व्यर्थी बोलण्याची गंमतच अशी की वरचा अर्थ साधा असतो आणि खालचा ज्याचा त्याने काढायचा. सात वर्षांच्या मुलाला खालचा मजला दिसतच नाही. तो चड्डीच्या नाडीला हसतो, आणि तेवढं हसणं निर्मळ असतं. “याचा अर्थ काय?” असं त्याने विचारलंच, तर वरचा अर्थ सांगून मोकळं व्हावं. खोटंही होत नाही आणि विषयही वाढत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला मात्र दोन्ही मजले दिसतात. तिच्यापुढे साळसूदपणा करण्यात अर्थ नाही. “मोठ्यांचा चावट विनोद आहे” एवढं सरळ म्हणावं.

मुलाच्या मनात राहतं ते वेगळंच. नायक नायिकेची वाट अडवतो, ती चिडते, तो आणखी छळतो आणि पुढच्या गाण्यात ती त्याच्या प्रेमात! आपल्याकडच्या आणि हिंदीतल्याही कितीतरी जुन्या विनोदी सिनेमांचा हा ठरलेला साचा. शाळेत चांगला स्पर्श-वाईट स्पर्श शिकून आलेलं मूल हे पाहतं तेव्हा गोंधळतं, कारण इथे नको असलेला हात लागला तरी सगळं थिएटर हसतंय. एकही चावट शब्द नसताना हे घडू शकतं. तीच गोष्ट तोतऱ्याची, जाड्या बाईची, काळ्या रंगाची, बायकी चालणाऱ्या पुरुषाची. आदल्या रात्री पाहताना कागदावर एवढंच लिहा : कोण हसतंय आणि कुणाला. वर्गातल्या एखाद्या मुलाला सोमवारी त्याच नावाने हाक मारली जाईल असं वाटलं, तर तो सिनेमा मी चार वर्षं लांबवते.

सबटायटल विसरणं

परदेशातल्या मराठी घरांत हे हमखास घडतं. मराठी कच्चं म्हणून पोरांसाठी इंग्रजी सबटायटल लावतात. ते लिहिणाऱ्याला दोन अर्थ एका शब्दात बसवता येत नाहीत, मग तो कधीकधी खालचाच निवडतो. संवादात झाकलेलं पडद्यावर स्वच्छ अक्षरांत उमटतं आणि मूल ते मोठ्याने वाचतं. आजी-आजोबांसमोर.

ऐन प्रसंगात रिमोटवर झडप घालणं

पुढे ढकलताना पट्टीवर त्याच प्रसंगाची छोटी चित्रं दिसत राहतात, शिवाय इथे काहीतरी आहे हे कळतं ते वेगळंच. संध्याकाळी पोरं तोच भाग फोनवर शोधतात. वेळ आलीच तर चालू द्यावं आणि साध्या आवाजात काहीतरी विचारावं. “तिला हे आवडलंय असं वाटतंय का तुला?” हा माझा नेहमीचा प्रश्न. प्रसंग खरंच पेलणारा नसेल तर सिनेमाच बंद करावा आणि कारण सांगावं : “मी आधी पाहिला नव्हता, माझं चुकलं.” मुलांना हे उत्तर पटतं, फुकट गेलेल्या पंधरा मिनिटांचा राग मात्र येतो.

मामाने त्या दुपारी शेवटी पत्ते काढले. सहा वर्षांचा धाकटा संध्याकाळपर्यंत नाडी सोडून घरभर “आये, आये” करत फिरत होता.