सोसायट्यांच्या भिंतीत आधी फाटक काढा

पुण्याच्या बाणेर-बालेवाडीत राहणाऱ्यांना हे नवीन नाही. शाळा गॅलरीतून दिसते, पण पोराला सोडायला गाडी काढावी लागते, कारण मध्ये सोसायट्यांच्या सलग भिंती आहेत. परिसर चालण्याजोगा करायचा म्हटलं की सगळे फूटपाथ मागतात. माझं म्हणणं, आधी भिंत बघा आणि तिच्यात चालत जाण्यापुरतं फाटक ठेवा. पालिकेची वाट न पाहता होणारं काम तेवढंच आहे.

मोबाइलच्या नकाशावर घरापासून बसस्टॉप, वाणी, दवाखाना, शाळा अशी सरळ अंतरं मोजा. मग तीच रस्त्याने मोजा. रस्त्याचं अंतर सरळ अंतराच्या दुपटीवर गेलं की तिथे फाटक हवं.

सर्वसाधारण सभेत पहिला आक्षेप हमखास येतो: "उद्या शेजारच्यांनी वहिवाटीचा हक्क सांगितला तर?" शंका रास्त आहे, तिला हसू नका. १८८२ च्या इझमेंट कायद्याप्रमाणे असा हक्क लागायला वीस वर्षं अखंड, हक्काने केलेला वापर लागतो. परवानगीने केलेला वापर त्यात धरत नाहीत. म्हणून ठरावातच लिहा की ही फक्त परवानगी आहे आणि सोसायटी ती केव्हाही मागे घेऊ शकते. शेजारच्या सोसायटीकडूनही तसंच लिहून, सही-शिक्क्यानिशी घ्या. मसुदा एकदा वकिलाला दाखवा. चोऱ्यांची भीती असेल तर फाटक वॉचमनच्या केबिनसमोर काढा आणि सकाळी सहा ते रात्री दहा उघडं ठेवा. रुंदी मीटरभर, उंबरठा नाही. स्कूटर शिरू नये म्हणून फिरता दांडा बसवायचा मोह होतो, पण त्याने व्हीलचेअर आणि बाबागाडी अडते.

आता फूटपाथ. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत (आयआरसी १०३) चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि जास्तीत जास्त १५० मिलिमीटर उंची सांगितली आहे. टेप घेऊन जा. डीपी (विजेची पेटी) आणि झाडाचा ओटा वगळून उरेल तीच रुंदी धरा. खरी मेख सोसायटीच्या गेटपाशी असते. तिथे गाडीसाठी फूटपाथ तोडतात, मग पुढच्या गेटला पुन्हा चढ, पुन्हा उतार. माझ्या सासूबाई याच कारणाने फूटपाथ सोडून डांबरावरून चालतात, आणि मला ते बघवत नाही. फूटपाथ एकाच पातळीत सलग न्यायचा, चढउतार गाडीने करायचा. अर्जात हे वाक्य जसंच्या तसं लिहा, सोबत मापं आणि फोटो जोडा. पुणे पालिका पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते, तेव्हा तो क्षेत्रीय कार्यालयात द्या. रुंद फूटपाथ कसा दिसतो हे समितीला दाखवायचं तर जंगली महाराज रस्त्यावर घेऊन जा.

चालत जायला ठिकाणंही हवीत. तळमजल्याचे गाळे असतील तर शटर पार्किंगकडे नको, रस्त्याकडे उघडू द्या. भाजीवाली आणि इस्त्रीवाला यांना हटवायची तक्रार करू नका. संध्याकाळी रस्ता जागता राहतो तो त्यांच्यामुळे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण पूर्ण होण्याआधी त्यांना उठवताही येत नाही. १.८ मीटर मोकळे सोडून त्यांची जागा कुठे बसते, ते त्यांच्याशी बोलून एका साध्या नकाशात आखा आणि तोही अर्जाला जोडा.