पहिला नग, ५१वा नग: आपली नक्षी कायद्याने कशी राखावी

"डिझाइन मी काढलं, म्हणजे कॉपीराइट माझा." सोलापुरात चादरीचा ग्राफ (चौकटीच्या कागदावरची नक्षी) काढणारा कलाकार हे म्हणतो, आरीवर्कचे ब्लाउज करणारी ताईही म्हणते. ताईच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. चादरवाल्याच्या बाबतीत ते जेमतेम पहिल्या लॉटपुरतंच खरं राहतं.

कारण कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १५(२). जी नक्षी डिझाइन कायद्याखाली नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, तिच्यावरचा कॉपीराइट एका ठरावीक टप्प्यावर संपतो. मालकाने स्वतः किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा जास्त नग काढले, की हक्क गेला. ५१वा नग मागावरून उतरला की नक्कल करणाऱ्याला कॉपीराइटच्या नावाने रोखता येत नाही. हातमागाचा माल यातून सुटतो असाही एक समज आहे. डिझाइन कायदा, २००० च्या व्याख्येत औद्योगिक प्रक्रिया हाताची, यंत्राची किंवा रासायनिक, कोणतीही असू शकते. त्यामुळे हातमागाची वॉल हँगिंग आणि जेकार्डवरची (नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या मागावरची) चादर दोन्ही त्यात बसतात.

मोठी नावंही याच रेषेवर अडली आहेत. दिल्ली उच्च न्यायालयात २०१६ साली फॅशन डिझायनर रितू कुमार यांच्या कंपनीने बिबा या तयार कपड्यांच्या कंपनीविरुद्धचा दावा गमावला. प्रिंट त्यांचे होते, पण कपडे ५० च्या वर निघाले होते आणि डिझाइन नोंदणी नव्हती. उलट २००८ मध्ये त्याच न्यायालयात फॅशन डिझायनर तरुण तहिलियानी यांच्या कंपनीचा कॉपीराइट टिकला, कारण त्यांचे नग मोजके, ५० च्या आत होते.

आता दुसरी अट. डिझाइन नोंदणी हवी असेल तर अर्जाच्या तारखेआधी नक्षी भारतात किंवा जगात कुठेही उघड झालेली चालत नाही. म्हणजे दहा नग विकले तर कॉपीराइट शाबूत असतो, पण डिझाइन नोंदणीचा हक्क पहिल्याच नगाला गेलेला असतो. "आधी बाजारात चालतंय का बघू, मग नोंदवू" हा धंद्याचा शहाणपणा इथे उलटतो. नोंदवायचं की नाही हे पहिला नग दाखवण्याआधीच ठरवावं लागतं.

कोणत्या मालाला काय

चादर, टॉवेल, साडी, थानाचं कापड, तयार कुर्ते, म्हणजे जे काही शेकड्यात निघणार, त्याला डिझाइन नोंदणी. दुसरा उपाय जवळजवळ नाहीच.

नवरीचे ब्लाउज, एकेक नग करून विकले जाणारे लेहंगे, मर्यादित आवृत्तीचं काम यांना कॉपीराइट पुरतो. मात्र नगांचा हिशेब ठेवा: खाका (नक्षीचा आराखडा) क्रमांक, तारीख, बिल क्रमांक, एकूण किती झाले. रंग बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होते असं धरून चालू नका. नक्षी तीच असेल तर नग एकत्र मोजले जाण्याचा धोका आहे.

शाळेच्या गणवेशात वाव कमी. ठरलेला चेक्स, ठरलेली कॉलर, ठरलेला पिनोफ्रॉक यांत नवं असं फार नसतं, आणि ओळखीच्या गोष्टींची नुसती जुळवाजुळव नोंदणीला टिकत नाही. विणीतच वेगळी नक्षी असेल तर कापड म्हणून अर्ज करा, शिलाईच्या भरवशावर नको. गणवेशवाल्यांनी खरं तर आपल्या लेबलच्या नावाचा ट्रेडमार्क आधी करावा. कापडासाठी वर्ग २४, कपड्यांसाठी वर्ग २५. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे एका वर्गाला ४,५०० रुपये लागतात आणि नोंदणी दर १० वर्षांनी वाढवता येते.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, पण ते नावाचं आणि मुलखाचं संरक्षण आहे. शेजारच्या गल्लीतल्या सोलापुरी कारखानदाराने तुमची मोराची बॉर्डर उचलली तर जीआय तुमच्या कामाचा नाही.

डिझाइन नोंदणीचा अर्ज

आधी शोध घ्या. आयपी इंडियाच्या (सरकारी बौद्धिक संपदा कार्यालयाच्या) संकेतस्थळावर नोंदलेल्या डिझाइनचा शोध मोफत आहे. कोयरी, कमळ, मोर, हत्ती कोणाच्या मालकीचे नाहीत. तुमचं काय आहे ते त्यांच्या मांडणीत, बॉर्डर आणि अंग (मधला भाग) यांच्या जुळणीत, रेषांच्या वळणात असतं. जुन्या नमुन्यापेक्षा हा फरक ठळक दिसायला हवा.

मग डिझाइनचा वर्ग ठरवा; हे वर्ग ट्रेडमार्कच्या वर्गांपेक्षा वेगळे. थानाचं कापड ०५-०५, चादर आणि टॉवेलसारखा घरगुती माल ०६-१३, गालिचे-सतरंज्या ०६-११, कपडे ०२-०२, स्कार्फ आणि रुमाल ०२-०५. हक्क नोंदवलेल्या वर्गातच चालतो. एकच नक्षी चादरीवरही येणार आणि कुर्त्यावरही, तर दोन अर्ज, आणि दोन्ही एकाच दिवशी. एक आज आणि एक सहा महिन्यांनी केला, तर पहिल्याच्या प्रसिद्धीमुळे दुसऱ्याच्या नावीन्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं.

फॉर्म १ ची फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी १,००० रुपये, इतरांना ४,०००. लघुउद्योग म्हणून सवलत घेताना फॉर्म २४ आणि उद्यम प्रमाणपत्र जोडा. एकमालकी दुकान असेल तर अर्जदार म्हणून मालकाचं नाव लिहा आणि पुढे "या नावाने व्यवसाय करणारे" असा दुकानाचा उल्लेख करा. नुसत्या दुकानाच्या नावाने अर्ज केला की आक्षेप येतो. तीन नक्ष्या, प्रत्येकी दोन वर्ग, म्हणजे सहा अर्ज आणि ६,००० रुपये. हंगामातली प्रत्येक नक्षी नोंदवण्यात अर्थ नाही. एका लग्नसराईत संपणारी सोडून द्या. दोन-तीन वर्षं चालेल असं वाटतं तिच्यावर पैसे घाला.

सगळ्यात जास्त अर्ज चित्रांवर अडकतात. कपड्याला पुढची, मागची, दोन्ही बाजूंची दृश्यं आणि एक तिरकं दृश्य द्या. पार्श्वभूमी कोरी असावी. मॉडेल, हँगर, किमतीचं लेबल, ब्रँडचं नाव, मापांचे आकडे काहीच नको. कापडावर किंवा चादरीवर पुन्हा पुन्हा येणारी नक्षी असेल तर पूर्ण रिपीट (पुन्हा येणारा नक्षीचा एक पूर्ण भाग) दिसला पाहिजे आणि तो लांबी-रुंदीत पुढे कसा जातो हे कळेल इतका भागही. ग्राफचा नुसता तुकडा पाठवला की परत येतो. चादरीची घडी घालून काढलेला फोटोही चालत नाही, कारण बॉर्डर आणि अंग यांचं नातं त्यात दिसत नाही.

चित्रांसोबत नावीन्याचं एक वाक्य लागतं: "चित्रात दाखवल्याप्रमाणे चादरीच्या पृष्ठभागावरील नक्षीत नावीन्य आहे." या एका वाक्यावर पुढचा सगळा दावा उभा राहतो. तुमचं बळ नक्षीत असेल तर नक्षीच लिहा. "आकार, रचना आणि नक्षी" असं सगळं एकत्र घातलं, तर नक्कल करणारा तीच नक्षी वेगळ्या कटवर टाकतो आणि "आकार वेगळा आहे" म्हणून सुटायला बघतो. बळ कटमध्ये असेल, तर साध्या रंगाच्या कापडावर शिवलेल्या नगाचे फोटो द्या.

अर्ज ऑनलाइन करता येतो. तपासणी कोलकात्याच्या कार्यालयातल्या डिझाइन विभागात होते. आक्षेप आले तर उत्तरासह सगळं अर्जाच्या तारखेपासून ६ महिन्यांत निस्तरावं लागतं. फॉर्म १८ भरून आणखी ३ महिने मिळतात, त्यानंतर अर्ज सोडून दिल्याचं धरलं जातं. एजंटाच्या इमेलवर आलेला आक्षेप कुणी उघडलाच नाही, अशा मुदती फार बुडतात. अर्जात स्वतःचाही इमेल द्या. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं टिकते. ती संपण्याआधी फॉर्म ३ भरून ५ वर्षं वाढते. त्याची फी व्यक्तीला २,००० रुपये.

अर्जाआधी तोंड बंद

व्हॉट्सअ‍ॅपवर व्यापाऱ्यांच्या गटात टाकलेला फोटो, इन्स्टाग्रामची स्टोरी, दुकानाच्या काचेतला नमुना, गारमेंटच्या प्रदर्शनातला स्टॉल: हे सगळं उघड करणंच आहे. आपल्याकडे "आधी दाखवा, वर्षभरात अर्ज करा" अशी सर्वसाधारण सवलत नाही. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासाठी डिझाइन कायद्याच्या कलम २१ मध्ये एक वाट आहे, पण तिच्यात कार्यालयाला आधी कळवावं लागतं आणि दाखवल्यापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो. गावातल्या हॉलमधल्या सेलला ती लागू नाही.

कापडवाल्यांना मात्र कलम १६ मध्ये एक उपयोगाची सोय आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. नोंदणीसाठी ठेवलेल्या नव्या कापड-नक्षीची पहिली गोपनीय ऑर्डर घेतली तर ते उघड करणं मानलं जात नाही. म्हणजे हैदराबादच्या किंवा पुण्याच्या एका व्यापाऱ्याला नमुना दाखवून ऑर्डर घेता येते. पण ती पहिलीच असावी आणि गोपनीय असल्याचं कागदावर असावं. ऑर्डर फॉर्मवर लिहा: "ही नक्षी नोंदणीसाठी राखीव आहे. अर्ज दाखल होईपर्यंत नमुना, फोटो किंवा ग्राफ कोणालाही दाखवणार नाही." खाली सही आणि तारीख. तीन व्यापाऱ्यांना एकाच आठवड्यात दाखवलं की ही सोय विसरा.

मागासाठी नक्षीचं कार्ड पंच करणारा, जॉबवर्कवाला, शिलाई मास्टर यांच्याकडूनही असंच दोन ओळींचं पत्र घ्या. नक्षी फुटते ती बहुधा इथून. पंचिंगच्या दुकानात राहिलेली फाइल दुसऱ्या कारखान्याच्या मागावर चढायला अर्धा दिवसही लागत नाही.

नक्षी कोणाची?

पगारी डिझायनरने नोकरीच्या कामात काढलेलं काम, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइटमध्ये मालकाचं. डिझाइन कायद्यातही मोबदला देऊन करून घेतलेल्या नक्षीचा धनी करून घेणाराच. पण बाहेरच्या फ्रीलान्सरकडून स्केच, मोटिफ घेतलं की कॉपीराइटचा गुंता होतो. कुणाचा पहिला हक्क, हे कामाच्या प्रकारावर आणि करारावर ठरतं. म्हणून लिहून घ्या. कॉपीराइटचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं असावंच लागतं. त्यात काम कोणतं, कोणते हक्क, किती मोबदला, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशात हे सगळं हवं. वर्षं लिहिली नाहीत तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. परदेशी माल पाठवणाऱ्या टॉवेलवाल्याला हा शेवटचा मुद्दा महागात पडतो. नोंदलेलं डिझाइन विकलं तर ते हस्तांतरणही लेखी करून ६ महिन्यांत कार्यालयात नोंदवावं लागतं.

डिझायनरच्या बाजूनेही हेच कागद कामाला येतात. "ग्राफचे पैसे दिले" एवढ्यावर कारखानदार पुढची दहा वर्षं नक्षी वापरेल की एकच हंगाम, हे आधी ठरलं तर भाव मागता येतो.

कॉपीराइट नोंदणी

काम तयार झालं की कॉपीराइट आपोआप येतो. नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदवहीतली नोंद प्रथमदर्शनी पुरावा असते, आणि कोर्टात तेवढ्यानेही बराच वेळ वाचतो. फॉर्म १४ भरायचा. कलाकृतीला ५०० रुपये, पण ती मालावर वापरली जात असेल किंवा वापरता येण्याजोगी असेल तर २,००० रुपये आणि ट्रेडमार्क कार्यालयाचं शोध-प्रमाणपत्र. डायरी क्रमांक मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने स्केच पाठवून पाकीट बंद ठेवण्याला कायद्यात वेगळं स्थान नाही. त्यापेक्षा तारखा टाकलेली स्केचबुकं, मूळ फाइल्स आणि डिझायनरची बिलं जपा.

नक्कल सापडली तर

पहिल्या दिवशी फोन करून भांडू नका. नक्कल केलेला नग पक्क्या बिलावर विकत घ्या, पाकीट आणि लेबल जपा. ऑनलाइन असेल तर पानाचे स्क्रीनशॉट, लिंक आणि तारीख घ्या. कोर्टात असा पुरावा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह द्यावा लागतो.

मग आपलीच कागदपत्रं तपासा, कारण समोरचा वकीलही तेच करणार आहे. तुमच्या अर्जाच्या आधीची तुमचीच इन्स्टाग्राम पोस्ट त्याला सापडली, तर तो डिझाइन कायद्याच्या कलम १९ खाली नोंदणी रद्द करायला मागेल. हा बचाव दाव्यात घेतला की जिल्हा न्यायालयातला डिझाइनचा दावा उच्च न्यायालयाकडे जातो. सोलापूर जिल्हा आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरमधल्या सर्किट बेंचच्या कक्षेत येतो. खर्चाचा अंदाज यावरून बांधा. कॉपीराइटची धमकी निराधार ठरली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली समोरचाच तुमच्यावर दावा लावू शकतो.

नोंदलेल्या डिझाइनच्या चोरीत ठरीव रक्कम एका प्रसंगाला २५,००० आणि एका डिझाइनमागे एकूण ५०,००० रुपयांच्या वर जात नाही. नुकसानभरपाई आणि मनाई हुकूम हवा असेल तर वेगळा दावा. त्यात मनाईच महत्त्वाची, कारण हंगाम सरल्यावर मिळालेल्या पैशाने गोदामातला माल हलत नाही. विकलेल्या मालावर नोंदणीची खूण लावायला विसरू नका; खूण नसेल तर "आम्हाला ठाऊक नव्हतं" हा बचाव त्यांना मिळू शकतो आणि भरपाई अडू शकते.

पोलिसांकडे जायचं की नाही, हेही हक्कावर ठरतं. डिझाइनची चोरी दिवाणी बाब आहे. ठाण्यात त्याची फिर्याद चालत नाही. कॉपीराइटभंग मात्र गुन्हा आहे: ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं म्हटलं आहे. पण त्यासाठी तुमचा कॉपीराइट जिवंत हवा, आणि ५० च्या वर नग काढलेल्या, न नोंदवलेल्या चादरीच्या नक्षीचा तो राहिलेला नसतो.