रग्बीच्या शिष्यवृत्तीवर ब्रिटनला जायचंय? तयारीची यादी

आधी पैशांचा हिशेब मांडा. ब्रिटनमध्ये रग्बीची शिष्यवृत्ती म्हणजे बहुतेक ठिकाणी फीमध्ये थोडी सूट, जिम, फिजिओ, ट्रेनरचा वेळ आणि किट. परदेशी विद्यार्थ्याची उरलेली फी आणि राहण्या-जेवण्याचा खर्च घरातून नाहीतर कर्जातूनच जातो. घरच्यांना हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, म्हणजे ऑफर हातात आल्यावर भांडणं होणार नाहीत.

तयारी दीड वर्ष आधी सुरू करा. प्रवेशाचा अर्ज यूकास या ब्रिटनमधल्या सामाईक प्रवेश यंत्रणेवरून होतो, त्यात पाचच पर्याय देता येतात आणि सप्टेंबरच्या प्रवेशासाठी बहुतेक अभ्यासक्रमांची मुदत जानेवारीच्या मध्याला संपते. शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा असतो, तो विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे करायचा. पुष्कळ जण एक भरतात आणि दुसरा विसरतात. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीला किती टक्के लागतात, हे सीबीएसईच्या अटीवरून गृहीत धरू नका, ते वेगळं विचारा.

बाथ, डरहॅम, एक्सेटर, लफबरो, हार्टपुरी ही बक्स सुपर रग्बी, म्हणजे ब्रिटिश विद्यापीठांची सगळ्यात वरची रग्बी लीग, खेळलेली विद्यापीठं. तिथली बरीच मुलं व्यावसायिक क्लबांच्या अकादमीतून आलेली असतात. पाचही पर्याय तिथेच टाकू नका. खालच्या लीगमध्ये पहिल्या संघात खेळायला मिळणं हे वरच्या लीगमध्ये तिसऱ्या संघात बसण्यापेक्षा केव्हाही बरं.

खरी मेहनत व्हिडिओवर घ्या. आपल्याकडे बहुतेक सामने सेव्हन्सचे, म्हणजे सात जणांच्या संघांचे, सात-सात मिनिटांचे दोन डाव, आणि मोकळ्या मैदानात धावून केलेले ट्राय (चेंडू रेषेपलीकडे टेकवणं) छान दिसतात. तिथला प्रशिक्षक मात्र पंधरा जणांच्या संघासाठी माणूस शोधत असतो. त्याला टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, पाहायचा असतो, दोन्ही खांद्यांनी केलेला. रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूवर होणाऱ्या झटापटीत, तुम्ही कितव्या नंबरने पोहोचता ते पाहायचं असतं. फॉरवर्ड (पुढच्या फळीतले) असाल तर स्क्रम, म्हणजे दोन्ही फळ्यांची भिडून ढकलाढकली, आणि लाइनआउट, म्हणजे बाहेरून फेकलेला चेंडू उडी मारून पकडणं. म्हणून मुंबई-पुण्यातल्या एखाद्या क्लबकडून पंधराचे सामने मिळवा, जमतील तितके. तीन-चार मिनिटांची फीत करा, प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला स्वतःभोवती गोल काढा, जर्सीचा नंबर लिहा, गाणं लावू नका. सोबत एका अख्ख्या सामन्याची लिंक द्या, हरलेला असला तरी चालेल. ईमेलमध्ये खेळण्याची जागा, उंची, वजन आणि ब्रॉन्को या धावण्याच्या चाचणीची वेळ टाका: २०, ४० आणि ६० मीटर जाऊन परत, असे न थांबता पाच फेरे, एकूण १२०० मीटर. वेळ फुगवून सांगू नका, पहिल्याच आठवड्यात तीच चाचणी होते. डोक्याला मार लागल्याचा इतिहासही लपवू नका.

व्हिसासाठी ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी, एक दिवसही त्याखाली जाता कामा नये. पैसे आईवडिलांच्या खात्यात असतील तर नात्याचा पुरावा आणि त्यांचं संमतिपत्र जोडा. टीबीची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करा. विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू होता येत नाही आणि ती व्याख्या पगारापुरती नाही. अलीकडे देशाच्या किंवा राज्याच्या संघातून खेळला असाल तर तेही धरलं जातं. तेव्हा तिथल्या गावच्या क्लबमध्ये नाव घालण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराकडून लेखी उत्तर घ्या. भारतीय रग्बी महासंघाचं क्लिअरन्स, म्हणजे दुसऱ्या देशात खेळायची परवानगी, हेही लागतं. ते निघायच्या आधीच मागून ठेवा, नाहीतर सामने सुरू होतात आणि तुम्ही बाहेर उभे.

सामानात दातांच्या डॉक्टरांकडून मापाने बनवलेला माउथगार्ड ठेवा. बूट मात्र तिथेच घ्या. आपल्या कडक मैदानावरचे मोल्डेड स्टडचे (तळव्यालाच जोडलेल्या आखूड खुंट्यांचे) बूट तिथल्या नोव्हेंबरच्या चिखलात घसरतात. स्क्रममध्ये ढकलणाऱ्याला लांब धातूचे स्टड लागतात, २१ मिलिमीटरपर्यंतचे चालतात.