परदेशातल्या लॅबसोबत रिसर्च करताय? सही करायच्या आधी हे बघून घ्या

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पीएचडीवाल्या पोरापोरींसाठी लिहितोय. आपल्याकडे एक्स्पोर्ट म्हटलं की रावेरची केळी अन् कंटेनर आठवतो, पण भाऊ, ईमेलने पाठवलेलं डिझाइन किंवा टेक्निकल फाइल हे पण एक्स्पोर्टच धरतात.

आधी डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, साइटवरून स्कोमेट लिस्ट काढा, म्हणजे ज्या वस्तू आणि टेक्नॉलॉजी बाहेर पाठवायला सरकारी परवाना लागतो त्यांची यादी. त्यात केमिकल, जंतू, मटेरियल, ड्रोन, इलेक्ट्रॉनिक्स असं बरंच काही आहे, आणि आपण शेतीवाले जिथे गाफील राहतो ते म्हणजे कॅटेगरी २, तिच्यात पिकांचे रोगजंतूसुद्धा आहेत. त्यामुळे बागेतल्या पानावरून बॅक्टेरिया वेगळा केला आणि कल्चर बाहेरच्या लॅबला पाठवायचंय तर आधी त्याचं नाव लिस्टमध्ये शोधा, मग कुरिअरवाल्याला फोन करा. जैवविविधता कायद्याची परवानगी वेगळी असते, तीही विचारा.

आता घाबरून सगळं कुलपात ठेवायची गरज नाही बरं का. जी माहिती आधीच सगळ्यांसाठी उघडी आहे तिला आणि मूलभूत संशोधनाच्या माहितीला स्कोमेटचं टेक्नॉलॉजीवालं बंधन लागत नाही. अमेरिकेतही १९८५ पासून सरकारचं धोरण हेच की मूलभूत संशोधनाचे निष्कर्ष शक्यतो खुले राहावेत. पण ही सूट माहितीला आहे, सॅम्पल आणि मशीनला नाही.

खरी गोम करारात असते. पेपर छापायच्या आधी स्पॉन्सरची मंजुरी लागेल किंवा अमुक देशाचा विद्यार्थी चालणार नाही, अशी ओळ दिसली तर थांबा, कारण ती मान्य केली की अमेरिकेतली ही सूट हातची जाऊ शकते. गाइडला सांगा, ओळ काढायला लावा. पेटंटसाठी थोडे दिवस वाचायला मागितले तर ते ठीक आहे.

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांनी अजून एक लक्षात घ्या, तिथे कंट्रोल असलेली टेक्नॉलॉजी लॅबमधल्या परदेशी माणसाला नुसती दाखवली तरी एक्स्पोर्ट झाला असं मानतात. टेनेसी विद्यापीठातले प्राध्यापक जॉन रीस रॉथ यांना एअर फोर्सच्या ड्रोन प्रोजेक्टमधली माहिती परदेशी विद्यार्थ्यांना दिल्याच्या प्रकरणात २००९ मध्ये ४ वर्षांची शिक्षा झाली. म्हणून कुणी तुम्हाला एखादी फाइल दाखवली नाही तर मनाला लावून घेऊ नका, आणि स्वतःहून मागू तर अजिबात नका.

शंका असेल तर विद्यापीठाला लेखी विचारा, उत्तराचा ईमेल जपून ठेवा आणि ते येईपर्यंत पार्सल टेबलावरच राहू द्या.